मी आहे तुला

ओत्सातेगी, गोइएरी
४ ऑक्टोबर १९८१

आशुनमावशी यांस,

तुम्ही मला ओळखत नाही. मी बिशेन्ताची मुलगी, कोंचेसी. आईला एक सख्खी बहीण आहे आणि ती सरहद्दीपलीकडे, फ्रान्सच्या बाजूला हास्पार्नेत राहते, एवढंच मला माहीत आहे. तेही आईकडून नाही, तिच्या मावसभावाकडून कळलं. घरचा पत्ता नाही म्हणून हे पत्र तिथल्या चर्चच्या पत्त्यावर पाठवते आहे. फादर तुमच्यापर्यंत पोचवतील अशी आशा आहे.

ऑगस्टच्या शेवटी आई घेवड्याच्या वाफ्यात कोसळली. अर्धांगाचा झटका. उजवा हात गेला. जीभ दोन आठवड्यांनी परत आली, पण वेगळीच होऊन आली. त्याबद्दलच विचारायचं आहे.

आमच्या घरात आई सगळ्यांशी ‘सु’, म्हणजे आदराचं ‘तुम्ही’, म्हणूनच बोलायची. आम्हा मुलांशीही. ‘ई’ म्हणून बोलायची ती सलगीची तऱ्हा बित्तोर, माझा भाऊ, मित्रांशी वापरतो, बैलांशी वापरतो. बायकांच्या तोंडून मी ती फारशी ऐकलेली नाही. शाळेत एक मुलगी तसं बोलली तेव्हा नननं तिला हातावर पट्टी मारली होती, “ही गोठ्यातली भाषा आहे” म्हणून. आणि आता आई दुसरं काही बोलतच नाही. ‘उशीर झाला’ याला आपण ‘बेरान्दु दा’ म्हणतो, ती म्हणते ‘बेरान्दु दुन’. पुरुषाशी बोलताना शेवटी ‘क’ लागतो, ‘दुक’ होतं, आणि बाईशी बोलताना ‘न’ लागून ‘दुन’, एवढं मलाही कळतं. पण ती बित्तोरलाही ‘दुन’ म्हणते. डॉक्टरांनाही. परवा पाद्री प्रसाद घेऊन आले, त्यांनाही.

गावात हसू झालंय. सायडरच्या गुत्त्यावर कुणीतरी बित्तोरला म्हणालं, “काय रे, आज घागरा कुठला नेसणार?” त्यानं ग्लास फोडला आणि घरी आला. तेव्हापासून त्यानं एकच धरलंय: आईचं डोकं गेलं, तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवायचं. नोव्हेंबरच्या मध्याला, सान मार्तिनच्या सणानंतर, डॉक्टर घरी येऊन तपासतील आणि सही करतील. एकदा गेलेलं माणूस तिथून परत आलेलं मी पाहिलेलं नाही.

मला वाटतं, तिचं डोकं ठिकाणावर आहे. ती कुणाशी तरी बोलते आहे. बोलताना तिची नजर आमच्याकडे नसते, स्वयंपाकघराच्या मागच्या दाराकडे असते. ती व्यक्ती तुम्ही आहात का?

उत्तराची वाट पाहते.
कोंचेसी


हास्पार्ने
१३ ऑक्टोबर

कोंचेसीबाईंस,

फादरांनी पत्र दिलं. तुमची आई आजारी आहे हे वाचून वाईट वाटलं. कुणीही आजारी असलं तरी वाईट वाटतं.

मी काही मदत करू शकेन असं मला वाटत नाही. मी इथे चपलांच्या कारखान्यात तीस वर्षं वरचं कातडं शिवलं, नवरा पुरला, आता गुडघे धरून बसले आहे. तुमच्या आईनं मला ओळखायचं नाही हे १९३९ सालीच ठरवलं. तिनं ठरवलं, मी ऐकलं. आता तिच्या घरात काय चाललंय हे मला विचारण्यात अर्थ नाही.

तुमच्या भावाला मात्र एवढं सांगा की त्याला कुणी बाई केलेलं नाही. समोर एखादी बाई आहे असं धरून ती बोलते आहे. यात वेड कुठे आलं? 

आशुन


ओत्सातेगी
१८ ऑक्टोबर

मावशी,

रागावलात तरी उत्तर दिलंत, त्याबद्दल उपकार मानते. १९३९ मध्ये काय झालं ते मला माहीत नाही. आईच्या लग्नाचं वर्ष ते. विचारणारही नाही, तुम्हाला सांगावंसं वाटलं तर सांगा. पण एक गोष्ट मागते, नाही म्हणू नका.

आई जेवत नाही. मी मक्याची भाकरी दुधात कुस्करून नेते, “आई, जेवून घ्या” म्हणते आणि ती माझ्याकडे अशी बघते, जणू कुणी परकी बाई तिच्या घरात घुसली आहे. तोंड मिटून घेते. मी ‘सु’ म्हणून बोलते म्हणून, दुसरं कारण नाही. काल शेजारची म्हातारी माल्येन आली होती, ती जुन्या वळणानं दोन वाक्यं बोलली, तर आईनं लगेच तिच्या हातून चार घास घेतले. पण माल्येन मुलीकडे तोलोसाला निघून गेली.

मला ते बोलता येत नाही. ‘दुन’ सोडलं तर एकही रूप धड माहीत नाही. आईशी तसं बोलायचं म्हणजे मला तिच्या थोबाडीत मारल्यासारखं वाटतं. पण ती उपाशी राहते आहे.

बित्तोरनं तिकडे खाट सांगून ठेवली आहे. काल त्यानं आईचे दोन झगे पेटीत भरून दाराशी ठेवले. मी काढून परत कपाटात ठेवले, त्यानं पुन्हा भरले. आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही, फक्त ती पेटी भरतो आणि रिकामी करतो.

मला शिकवा. एवढंच.

कोंचेसी


हास्पार्ने
२४ ऑक्टोबर

कोंचेसी,

उपाशी माणसाचं नाव घेतलंस, मग काय बोलणार मी. ऐक तर.

पहिली गोष्ट, ही गोठ्यातली भाषा नाही. तुझ्या ननला गोठाही ठाऊक नव्हता आणि भाषाही. ही बरोबरीच्यांची भाषा आहे. दोघी बहिणी, दोघी मैत्रिणी, ज्यांनी एका घमेल्यात पाय धुतले त्यांची. नवऱ्याशी अशी बोलायची नाही, मोठ्यांशी नाही, आईशी तर नाहीच. तुला लाज वाटते ते बरोबर आहे. तरीही बोल.

दुसरी गोष्ट, साधं सांगणं असेल तेव्हाच ती खूण लागते. प्रश्न विचारताना लागत नाही. ‘दा’चं ‘दुन’ होतं. ‘दु’चं, म्हणजे ‘त्याच्याकडे आहे’चं, ‘दिन’. ‘माझ्याकडे आहे’ हे आपण ‘दुत’ म्हणतो, त्याचं ‘दिनात’. इथले म्हातारे फादर शब्द गोळा करत असतात, मी चर्च झाडायला जाते तेव्हा मला धरून बसवतात. ते म्हणाले, त्या ‘दिनात’ मधला ‘ना’ बघ, तोच मूळचा. तीच ऐकणारी बाई. ‘दुन’च्या शेवटचा ‘न’ म्हणजे तिचाच झिजलेला तुकडा. आणि ‘दुन’ याचा खरा अर्थ ‘आहे’ असा नाहीच. ‘तुला आहे’ असा आहे, ‘तुझ्यापाशी आहे’. पाऊस असो, उशीर असो, गाय व्यालेली असो, तिला काही देणंघेणं नसलं तरी तिला त्यात ओढून घ्यायचं. उशीर आहे तुला. पाऊस आहे तुला. फादर सांगत होते आणि मी झाडू धरून उभी. जन्मभर बोलले, पण हे कधी मनात आलं नव्हतं.

आणि ‘नाइस’, ‘मी आहे’, याचं ‘नाउन’ होतं. ‘मी आहे तुला.’ ती अंधाराला घाबरायची लहानपणी. गोठ्यात दूध काढायला मी पुढे, ती मागे. “कुठे आहेस?” म्हणून ओरडायची. मी म्हणायचे, “एमेन नाउन.” इथे आहे मी तुला. हे तिला म्हण. मग ती जेवेल.

आता १९३९. विचारणार नाही म्हणालीस, म्हणून सांगते.

त्या यादवी लढाईत मी आपल्या लोकांच्या दवाखान्यात होते. आपण हरलो, मी फ्रान्समध्ये पळाले. आईवडील नव्हते, सगळं जग म्हणजे बिशेन्ता. तिचं लग्न ठरल्याचं कळलं, परक्या खोऱ्यात, जिंकलेल्यांच्या घरात. तरी मी निघाले. कागद नाहीत, डोंगरातून चालत. टोपलीत एक टेबलावर घालायचं कापड होतं, बायोनमध्ये धुणी धुऊन घेतलेलं. ऐन लग्नाच्या दिवशी दुपारी तुमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारात पोचले. ती समोर उभी, लग्नाच्या काळ्या रेशमी झग्यात. मी तोंड उघडायच्या आत ती मोठ्यानं म्हणाली, “बाई, आज मासे नकोत. तुम्ही चुकीच्या दारात आलात. पुढून जाऊ नका, कुत्रा सोडलाय. बागेतून खाली उतरा.”

‘तुम्ही.’ मला. जन्मात पहिल्यांदा. आणि मासेवाली! आतून कुणीतरी हसलं. मी फाटकी होते, हरलेल्यांतली होते, तिच्या नव्या माणसांत मला बहीण म्हणायची तिला लाज वाटली. मी वळले आणि चालत सुटले. पुन्हा ती सरहद्द ओलांडली नाही.

हे तुझ्यासाठी नाही, तिच्या पोटात घास जावा म्हणून लिहिलंय.

आशुन


ओत्सातेगी
३१ ऑक्टोबर

मावशी,

जेवली! पहिल्यांदा मी घाबरून घोटाळा केला. वाटी पुढे करून म्हणाले, “दूध गरम दुक.” तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, “मी काय बैल आहे?” आणि हसली. झटका आल्यापासून पहिल्यांदा. तोंडाची एकच बाजू हसते, पण हसली. मग मी नीट म्हणाले. आणि मग, “एमेन नाउन.” तिनं डोळे मिटले आणि तोंड उघडलं. वाटी संपवली. घेवड्याची आमटी मागितली, सॉसेज घातलेली.

आता ती दिवसभर बोलते. अगदी सुसंगत बोलते. कुठल्या गाईला कुठला रोग झाला होता, सफरचंदं कधी उतरवली, सगळं. बित्तोर दाराशी उभा राहून ऐकत होता. मी म्हणाले, “हे वेड्याचं बोलणं आहे का?” तो म्हणाला, “चाळीस वर्षांपूर्वीच्या गाईंवर आज बोलायचं, त्याला काय म्हणायचं मग?” पण पेटी त्यानं त्या दिवशी भरली नाही.

एक सांगायला हवं. ती मला आशुन म्हणते. मी नाकारत नाही.

ती आणखीही काही बोलते, लग्नाच्या दिवसाबद्दल. ते मला अजून नीट लागलेलं नाही, तुकडे तुकडे आहेत. पक्कं कळलं की लिहीन.

तुमची
कोंचेसी


हास्पार्ने
५ नोव्हेंबर

कोंचेसी,

तुला भाषा दिली होती, माझं नाव नव्हतं दिलं.

रात्रभर जळत होते. माझ्या जागी तू बसतेस, ती तुला आशुन म्हणते, तू ‘हो’ म्हणतेस आणि मला कळवतेस! मी जिवंत आहे. तिनं त्या दिवशी मला मासेवाली केलं आणि आज माझ्या जागी तुला आशुन केलं. मायलेकींनी मिळून मला दोनदा पुसलं म्हणायचं.

आणि ते ‘पक्कं कळलं की लिहीन’ काय? ती माझ्याशी बोलते आहे ना? मग ते बोलणं माझं आहे. तू मध्ये बसून निवडणारी कोण? क्षमा बिमा मागत असेल तर नको मला ती, आजाऱ्याची क्षमा मी घेत नाही. पण जे काय बोलते ते जसंच्या तसं लिही. नाहीतर पत्रं बंद.

आशुन


ओत्सातेगी
९ नोव्हेंबर

मावशी,

तुम्ही म्हणता ते खरं. ते बोलणं तुमचं आहे. मी लपवत नव्हते, मला भीती वाटत होती की अर्धवट ऐकून चुकीचं लिहीन आणि तुम्ही कायमच्या तुटाल. जसंच्या तसं लिहिते.

मी चुलीपाशी घेवडा निवडत होते. तिनं मनगट धरलं, डाव्या हातानं, दुखेल इतकं घट्ट, आणि कानाशी कुजबुजली: “पुढं कुत्रा नाही गं. सिरिलो आहे. शिपाई घेऊन बसलाय. एक शब्द बोलू नको, ‘न’ ऐकला की ओळखेल. चिड माझ्यावर. चिड आणि जा. बागेतून जा गं.” मग हात सोडला आणि मागच्या दाराकडे बघत रडली. पुन्हा पुन्हा हेच बोलते, कधी पुढचं आधी, कधी मागचं.

सिरिलो म्हणजे माझा काका, बाबांचा धाकटा भाऊ. लाल टोपी घालून, जिंकलेल्यांच्या बाजूनं लढून आलेला. तो वारला त्याला बरीच वर्षं झाली. बित्तोरशी माझं अजून कामापुरतंच बोलणं होतं, पण काल गोठ्यात गेले आणि विचारलं, “आपल्या घरी आईच्या लग्नाच्या वेळी कुत्रा होता का?”

तो धार काढत होता. म्हणाला, “ओत्सातेगीत पहिला कुत्रा माझ्या लहानपणी आला, मीच आणला पिल्लू. का?” मी त्याला तुमचं पत्र वाचून दाखवलं. माफ करा, विचारलं नाही तुम्हाला. तो बादली ठेवून उठला. म्हणाला, “मासेवाली?” त्याचा चेहरा पांढरा झाला. सांगू लागला, काका प्यायला की एकच रड असायची त्याची: “तुझी आई फार हुशार आहे रे. तिची बहीण लग्नाला येणार हे मला पक्कं ठाऊक होतं, मी गार्डाच्या जमादाराला टेबलाशी बसवून ठेवला होता. मी दारात कान लावून होतो. दोघी बहिणी भेटल्या की ‘दुन’, ‘दिन’ केल्याशिवाय राहणार आहेत? आणि आली कोण, तर मासेवाली! समुद्र तीस मैल लांब, आणि मासेवाली! आठ दिवसांनी माझ्या डोक्यात प्रकाश पडला.” बित्तोरला वाटायचं, काका दारूत काहीतरी बरळतोय.

मला वाटतं, म्हणूनच आई घरात कधी ती भाषा बोलली नाही. काका त्याच टेबलाशी जेवायचा, वीस वर्षं.

डॉक्टर गुरुवारी येणार आहेत. बित्तोर काय म्हणेल ते मला माहीत नाही. मावशी, या. मी तुमची जागा घेऊ शकत नाही. तुम्हीच या.

कोंचेसी


हास्पार्ने
१४ नोव्हेंबर

कोंचेसी,

पत्र चार वेळा वाचलं. मग फादरांना वाचायला दिलं, मी काही भलतंच तर वाचत नाही ना म्हणून.

तुम्हा दोघांचं ऐकून विश्वास ठेवायला फार सोपं आहे. म्हणूनच मला भीती वाटते. कुणाची बहीण घाबरून किंवा लाजून खोटं बोलते आणि पुढे तिलाच वाटायला लागतं की आपण वाचवलं. होतं असं. मी तिचा चेहरा बघितला होता, तू नाहीस. त्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. भिंतीसारखा होता.

पण मासे. समुद्र तीस मैल. हे मला एकदाही सुचलं नाही. बेचाळीस वर्षं मी अपमान धरून बसले आणि समुद्र कुठे आहे ते बघितलं नाही.

मला सरहद्दीवरच्या त्या पुलावर यायची भीती वाटते. तुम्हा लोकांना सवय असेल, मला त्या गार्डांच्या काळ्या चकचकीत टोप्या चित्रात बघितल्या तरी मी उठून दाराला कडी घालते. या फेब्रुवारीत त्यांनी तुमच्या संसदेत बंदुका घेऊन घुसून काय केलं ते इथे टीव्हीवर पाहिलं. माझ्याकडे फ्रेंच पासपोर्ट आहे, नवऱ्याचं आडनाव आहे, कुणी मला विचारणार नाही, हे सगळं मला कळतं. हाताला कळत नाही.

डॉक्टर काय म्हणाले ते तारेनं कळव.

आशुन


तार
ओत्सातेगी, १६ नोव्हेंबर

डॉक्टरांना बित्तोरनं दारातून परत पाठवलं. आई घरीच राहील. पण छातीत कफ भरलाय, ताप आहे. बित्तोर रविवारी सकाळी गाडी घेऊन बेहोबियाच्या पुलाच्या तुमच्या बाजूला उभा राहील. निळी व्हॅन. — कोंचेसी


ओत्सातेगी
६ डिसेंबर

मावशी,

तुम्ही गेल्यावर घर मोठं वाटायला लागलंय.

बित्तोरनं मला पुलावरचं सांगितलं. गार्डनं पासपोर्ट मागितला तेव्हा तुम्ही बित्तोरचा हात इतका घट्ट धरलात की नखं रुतली, आणि त्या पोरसवदा गार्डनं “आजी, मुलगा सुसाट चालवतो वाटतं?” म्हणून विचारलं. बित्तोर ती नखांची खूण सगळ्यांना दाखवत फिरत होता. गुत्त्यावर परवा त्यानं स्वतःच सांगितलं, आई आपल्याला ‘दुन’ का म्हणत होती ते. कुणी हसलं नाही म्हणे. एक म्हातारा उठून बाहेर गेला.

आईचा ताप उतरला. कफ सुटला. डॉक्टर म्हणतात, हिवाळा काढेल, पुढचं बघू. आणि मावशी, एक मोठी गोष्ट. तुम्ही गेल्यापासून तिनं एकदाही ‘दुन’ म्हटलेलं नाही. सगळ्यांशी पुन्हा ‘सु’. मला कोंचेसी म्हणते. मागच्या दाराकडे बघत नाही. मला आनंद व्हायला हवा, झालाही आहे. पण आज सकाळी सवयीनं मी “एमेन नाउन” म्हणाले, तर ती रागावली, “आईशी असं बोलतात होय?” मी गोठ्यात जाऊन थोडी रडले.

तुम्ही आत गेलात आणि मी मुद्दाम बाहेर थांबले, हेच मला आता राहून राहून टोचतं. दोघी बहिणींमध्ये नको, म्हणून कोंबड्यांना दाणे घालत बसले. तुम्ही बाहेर आलात, सूप प्यायलात, तासाभरानं निघालात. मी विचारलं नाही. पण तिनं ओळखलं का तुम्हाला? काय बोललात?

सांगावंसं वाटलं तरच.
कोंचेसी


हास्पार्ने
१३ डिसेंबर

कोंचेसी गं,

ओळखलं नाही तिनं.

मी आत गेले. ती उशीला टेकून बसली होती. एवढीशी झालीय. मी पलंगाशी उभी राहिले आणि म्हणाले, “बिशेन्ता, एमेन नाउन.” वाटेत पुलावर, गाडीत, सबंध रस्ताभर हेच घोकत होते. तिनं माझ्याकडे बघितलं, अदबीनं मान लववली आणि म्हणाली, “बसा बाई. तुम्ही कुणीकडच्या?”

मला ‘तुम्ही’. पुन्हा.

मला वाटलं, ही दुसऱ्यांदा मला दारातून परत पाठवते आहे. उठून निघणारच होते. पण मग समोरच्या आरशात मला मीच दिसले. पांढरे केस, तोंडाचं बोळकं, हातात काठी. तिची आशुन एकवीस वर्षांची आहे गं. ती कशी ओळखणार या म्हातारीला?

म्हणून बसले. म्हणाले, “मी डोंगरापलीकडून आले तुला भेटायला.” ‘न’ लावूनच बोलले, मला दुसरं येत नाही तिच्याशी. ती जरा चमकली. म्हणाली, “तुम्ही अगदी आमच्या आशुनसारख्या बोलता.” मी म्हणाले, “मी ओळखते तिला.”

मग तिनं दाराकडे बघितलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून. तू कोंबड्यांशी काहीतरी बोलत होतीस, तो आवाज येत होता. ती पुढे झुकली आणि हळूच विचारलं, “पोचली का ती?”

मी म्हणाले, “पोचली.”

“सरहद्द ओलांडली?”

“दुसऱ्याच दिवशी, अंधार पडायच्या आत.”

“कुणी अडवलं नाही?”

“कुणी नाही गं.”

तिनं एवढा मोठा श्वास सोडला की मला वाटलं हा शेवटचाच. पांघरुणाचा काठ चिमटीत धरून कितीतरी वेळ दुमडत होती, उघडत होती. मग म्हणाली, “चिडली असेल माझ्यावर.”

मी खोटं बोलले नाही. म्हणाले, “फार चिडली होती.”

आणि कोंचेसी, ती हसली. त्या एका बाजूनं. म्हणाली, “मग बरं झालं. चिडली की ती भरभर चालते.”

मी तिचा हात धरून बसले. तिला झोप लागली. मग बाहेर येऊन तुझं सूप प्यायले.

खरंच भरभर चालले होते मी. एकदाही मागे वळून बघितलं नाही.

तुझी
आशुन